भंडारदऱ्याला पहिल्यांदा जाताना: शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि बारी

भंडारदऱ्याला निघालेली गाडी ज्या गावात येऊन थांबते, ते गाव शेंडी. एसटीचा थांबा, किराणा, चहाची हॉटेलं, बरीचशी लॉज, सगळं शेंडीत. भंडारदरा म्हणजे त्याला खेटून असलेलं लहानसं गाव आणि त्याच्या नावाचं धरण. त्यामुळे मुक्कामाची चौकशी करताना फोनवर कोणी “आमचं भंडारदऱ्यातच आहे” म्हणालं, की पहिला प्रश्न विचारायचा: नक्की कोणत्या गावात? धरणाच्या पाण्याभोवती गावांची माळ आहे आणि माळेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तास सहज जातो. नवख्यांची सहल बिघडते ती बहुतेक इथेच. मुक्काम एकीकडे, बघायचं ते दुसरीकडे, आणि हातात एकच दिवस.

आधी नकाशा डोक्यात बसवा

अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. जिल्ह्याचं नाव नवं असलं तरी बऱ्याच पाट्यांवर अजून अहमदनगरच दिसतं. प्रवरा नदी रतनगडाच्या पोटात उगम पावते, पूर्वेकडे वाहते आणि शेंडीजवळ धरणात अडते. भिंत दगडी बांधकामाची, सुमारे २७० फूट उंच, १९२६ साली पुरी झाली. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला विल्सन धरण म्हणतात, आणि मागच्या पाण्याचं नाव आर्थर लेक. गावात मात्र कोणी ही नावं घेत नाही. गावकऱ्यांसाठी ते नुसतं ‘धरण’.

शेंडी पाण्याच्या पूर्व टोकाला, घाटघर पश्चिम टोकाला. मधे दोन रस्ते. उत्तरेचा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जातो. दक्षिणेचा मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद करत त्याच घाटघरला पोहोचतो. दोन्ही मिळून जो गोल होतो त्याला सगळे ‘फेरा’ किंवा ‘रिंग’ म्हणतात. गाडीने ४५ ते ५० किलोमीटर. नुसता चालवत गेलात तर दोन तास, थांबत बघत गेलात तर पूर्ण दिवस. कळसूबाई शिखराच्या पायथ्याचं बारी गाव या फेऱ्यात येत नाही. ते शेंडीच्या उत्तरेला, घोटीकडून येणाऱ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर अलीकडे आहे. रंधा धबधबा याच्या उलट दिशेला, राजूरच्या रस्त्यावर साधारण दहा किलोमीटरवर. या दोन जागा येता-जाताना उरकायच्या. फेऱ्याच्या दिवसात त्या कोंबल्या की सगळंच अर्धवट राहतं.

कोणत्या महिन्यात काय

घाटघरला पाऊस इतका पडतो की वर्तमानपत्रं त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. वर्षाचा आकडा काही वेळा पाच हजार मिलिमीटर ओलांडतो. पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला शेंडीत त्याहून बराच कमी, आणि अकोल्याला पोहोचेपर्यंत तो अगदीच हलका. म्हणून अकोल्याचं हवामान पाहून घाटघरचा बेत ठरवू नये.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे. जुलै आणि ऑगस्टमध्ये धबधबे, धुकं आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी. याच दिवसांत दोन-दोन दिवस समोरचा डोंगरही दिसत नाही, हे गृहीत धरून या. सप्टेंबर आमच्या मते सगळ्यात चांगला: पाऊस तुटक होतो, धरण काठोकाठ असतं, पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गडकिल्ल्यांसाठी आणि साम्रदजवळच्या सांदण दरीसाठी. रात्री थंडी चांगलीच कडक पडते, पाण्याकाठच्या तंबूत नुसती चादर पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, काठाचा चिखल वाळून भेगाळतो आणि फोटोतलं निळं तळं कुठे दिसत नाही. त्या दिवसांत मिळतात ती करवंदं आणि शांतता.

धरणाची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. बऱ्याच वर्षी ते ऑगस्टमध्ये भरतं. भरल्यावर किंवा शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटल्यावरच भिंतीच्या पायथ्याचा अम्ब्रेला फॉल हा धबधबा उलगडतो, कारण तो धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतो. धो-धो पाऊस पडतोय आणि अम्ब्रेला फॉल मात्र कोरडा, असं दृश्य जुलैत नेहमीचं. निघण्याआधी मुक्कामाच्या मालकाला एवढंच विचारा: “पाणी सोडलंय का?” एका उत्तरात अम्ब्रेला आणि रंधा दोन्हींचा निकाल लागतो.

पोहोचायचं कसं

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीला महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडी. साधारण १७५ किलोमीटर. नाशिकहून घोटीमार्गेच, सत्तरेक किलोमीटर. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर हा मोठा रस्ता. आळेफाट्यापुढे बोट्याला वळून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर हा रस्ता आतला आणि वळणांचा आहे. नवख्या चालकाने अंधारात पहिलाच धरावा.

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं. लोकलने आलात तर कसाऱ्याला. तिथून घोटी गाठायची आणि घोटीहून एसटी किंवा वडापची, म्हणजे सीटमागे पैसे घेणारी, जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे देऊन निघण्याची पद्धत आहे. ते आधी बोलून घ्यावं. संध्याकाळनंतर जीपा आटतात. दुपारी तीनपर्यंत घोटी गाठेल अशीच गाडी पकडा. शेंडीच्या पुढे रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, आणि त्या गावकऱ्यांच्या सोयीच्या: सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. पर्यटकाला नेमकी उलटी दिशा लागते. म्हणून स्वतःची गाडी नसेल तर फेऱ्यासाठी शेंडीतून दिवसभराची जीप ठरवायची. ठरवताना थांबे मोजून सांगा: अमृतेश्वर मंदिर, सांदणचं तोंड, घाटघरचा कोकणकडा, येताना धरण. ‘सगळं दाखवतो’ एवढ्यावर बोलणं सोडलंत, तर साम्रद हमखास गळतं.

डिझेल-पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या, रोख रक्कमही तिथेच काढा. शेंडीत मोबाइलवरून पैसे देता येतात, पण साम्रदमध्ये रेंज नसली की तो फोन टॉर्चच्याच उपयोगाचा. नकाशा आधी उतरवून ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर दिवसभरही येत नाही, तेव्हा पॉवर बँक भरलेली असू द्या.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. वाटेत वन्यजीव विभागाचे तपासणी नाके लागतात. तिथे माणशी आणि गाडीमागे शुल्क भरून पावती घ्यायची आणि ती फेरा संपेपर्यंत जपायची, पुढच्या नाक्यावर तीच दाखवायची असते. दारूच्या बाटल्या आणि मोठे स्पीकर नाक्यावरच अडतात. तासभर हुज्जत घालणारे लोक दर शनिवारी दिसतात. उपयोग होत नाही.

मुक्काम कुठे टाकायचा

म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा रात्री उशिरा पोहोचणं, यातलं काहीही असेल तर शेंडी. इथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी लॉज आहेत, जेवण वेळी-अवेळी मिळतं. काजव्यांसाठी मुरशेत, पांजरे किंवा उडदावणे, कारण तिथून झाडांपर्यंत चालत जाता येतं. सांदणसाठी साम्रद, रतनगडासाठी रतनवाडी, कळसूबाईसाठी बारी. पहाटे निघायचं असलेल्या ठिकाणाच्या पायथ्याशीच झोपायचं, एवढंच गणित.

गावातल्या घरी राहणार असाल तर तीन गोष्टी आधी विचारून घ्या. संडास घरात आहे की मागे, अंघोळीला गरम पाणी चुलीवरचं की गिझरचं, आणि जेवण किती वाजता. गावात रात्रीचं जेवण आठला उरकतं. दहाला पोहोचून गरम भाकरीची अपेक्षा ठेवणं म्हणजे घरातल्या मावशींना झोपेतून उठवून पुन्हा चूल पेटवायला लावणं. येण्याआधी माणसं किती आणि शाकाहारी किती हे नक्की कळवा, कारण सामान राजूर किंवा घोटीहून आणावं लागतं. आयत्या वेळी चारची दहा माणसं झाली तर भात पुरेल, भाजी पुरणार नाही.

तंबूचा मुक्काम पाण्याकाठी घेताना तंबू पाण्यापासून किती वर आहे ते डोळ्यांनी बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी रात्रीतून चढतं. सपाट, मऊ, हिरवी जागा बसायला छान वाटते, पण ती बहुधा पाण्याखालून नुकतीच बाहेर आलेली गाळाची जमीन असते. गाडी तिथे नेली की चाक रुततं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

धरणाचा फेरा: क्रम महत्त्वाचा

शेंडीतून सकाळी आठपर्यंत निघा आणि दक्षिणेचा रस्ता धरा, म्हणजे आधी मुतखेल. याची दोन कारणं. रतनवाडी ते साम्रद हा टप्पा अरुंद, जंगलातला आणि वळणांचा आहे, तो दिवसाउजेडी झालेला बरा. शिवाय घाटघरचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे संध्याकाळीच पोहोचलं पाहिजे. उलटा फेरा मारणारे सकाळी नऊला घाटघरला जातात, कोकणात भरलेलं पांढरं धुकं बघतात आणि “काही दिसलं नाही” म्हणून परततात.

पावसाळ्यात कोलटेंभे ते रतनवाडी या भागात रस्त्यालगतच धबधबे लागतात. नेकलेस फॉल म्हणतात तो याच टप्प्यात. गाडी वळणावर लावू नका. समोरून येणारी एसटी धुक्यात दिसत नाही आणि तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो.

रतनवाडीत अमृतेश्वर मंदिर. शिलाहारांच्या काळातलं, भूमिज शैलीचं शिखर असलेलं, काळ्या दगडाचं. लोक समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही शिखराला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. उभ्या पट्ट्यांमध्ये एकावर एक रचलेल्या लहान-लहान शिखरांच्या रांगा वरपर्यंत कशा बारीक होत जातात, ते बाजूनेच कळतं. सकाळी नऊ-दहाच्या तिरप्या उन्हात त्या रांगा उठून दिसतात, दुपारी सपाट होतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचतं, पिंड बुडते. जवळच पुष्करणी आहे, चारी बाजूंच्या भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठी कोनाडे, असलेली. तिच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरूनच बघा.

शेंडीहून बोटीनेही रतनवाडीकडे येता येतं. पाणी भरपूर असताना मजा आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि उतरल्यावर चिखल तुडवत बरंच चालावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून मगच बसा. मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

दुपारचं जेवण रतनवाडीत किंवा साम्रदला. मात्र सकाळी जातानाच ‘इतकी माणसं, इतक्या वाजता’ सांगून पुढे गेलात तर आल्यावर ताट तयार मिळतं. चारच्या सुमाराला घाटघर. इथे वरच्या धरणाचं पाणी खाली कोकणातल्या चोंढे गावाजवळच्या धरणात सोडून वीज करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर उपसतात. अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प. थोडं पुढे कोकणकडा. खाली शहापूर तालुका, समोर डोंगरांच्या रांगा. पावसाळ्यात वारा कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर फेकतो, कठड्याशी उभं राहिलं की पाऊस खालून चेहऱ्यावर येतो. कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. कड्याच्या काठचं गवत लांबून जमीन वाटतं, खाली बऱ्याचदा पोकळ असतं.

सूर्यास्तानंतर लगेच उत्तरेच्या रस्त्याने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत शेंडी. पावसाळ्यात हा हिशोब दोन तासांनी अलीकडे ओढा, चारला घाटघर सोडलेलं असावं. धुक्यात मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंतच उभी राहते. दिवे खाली पाडा आणि डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला.

सांदण

साम्रदपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की जमीन अचानक फाटलेली दिसते. ती सांदण दरी. दोन्ही बाजूंना सरळ उभे कातळ, मधली वाट काही ठिकाणी दोन माणसं शेजारी मावतील एवढीच. एकूण लांबी दोनेक किलोमीटर.

नवख्यांनी पहिल्या रॅपलच्या, म्हणजे दोराने उतरण्याच्या, जागेपर्यंत जाऊन परत फिरायचं. जायला-यायला तीन-साडेतीन तास. त्यापुढे दोराने उतरण्याचे टप्पे आहेत आणि एकदा उतरलं की परतीची वाट नाही, खाली कोकणात डेहण्याच्या बाजूलाच निघावं लागतं. त्यासाठी दोर, हार्नेस, हेल्मेट आणि हे काम नेहमी करणारी माणसं लागतात.

वाटेत पाण्याचे दोन डोह. पहिला साधारण गुडघ्यापर्यंत, दुसरा कमरेपर्यंत, पाऊस नुकताच संपला असेल तर छातीपर्यंतही. ऊन तिथे पोहोचत नाही, त्यामुळे मे महिन्यातही पाणी गार. मोबाइल आणि पाकीट दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून डोक्यावर धरायचं. चप्पल, क्रॉक्स, गुळगुळीत झालेले बूट चालत नाहीत. डोहानंतर तळवा ओला असतो आणि पुढचे दगड गाडीएवढे, घासून गुळगुळीत झालेले. पाय घसरून घोटा मुरगळण्याचे प्रकार डोहात कमी, डोहानंतरच्या पहिल्या शंभर पावलांत जास्त होतात. बूट काढून पाणी ओलांडणारे तळव्याला कापून घेतात. बूट घालूनच जा, सुके मोजे पिशवीत ठेवा.

पावसाळ्यात सांदण बंद असते आणि ते बरोबरच आहे. वरच्या पठारावर पडलेलं सगळं पाणी याच फटीतून खाली उतरतं. दरीत आकाशाची नुसती चिरोटी दिसते, वर ढग भरलेत हे आत असताना कळत नाही. ऑक्टोबरमधल्या किंवा मेमधल्या दुपारच्या वळवाच्या पावसालाही हेच लागू. म्हणून सकाळी सातला आत, अकराच्या आत बाहेर. साम्रदचा वाटाड्या बरोबर घ्या. पाणी आज कुठवर आहे आणि कुठला दगड हलतो, हे त्यालाच माहीत असतं. कातळाखाली फोटोसाठी घोळका करू नका. वरून वानरं दगड पाडतात.

कळसूबाई

१,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारीतून उभा चढ आठशे मीटरांहून जास्त. रोज चालणाऱ्याला वर जायला तीन तास, नाहीतर चार. उतरायला अडीच. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही. दम काढतो तो गावामागच्या शेतांनंतरचा पहिला चढ. तिथे घाई करणाऱ्यांचे पाय शिड्यांपर्यंत पोहोचेस्तोवर थरथरायला लागतात. सुरुवातीचा अर्धा तास बोलता येईल इतक्याच वेगाने चढा.

लोखंडी शिड्या कातळटप्प्यांवर आहेत. चढताना अडचण नसते. उतरताना लोक दरीकडे तोंड करून, पायऱ्यांवर बसत येतात आणि तिथेच घाबरतात. शिडीकडे तोंड, दोन्ही हात बाजूच्या गजांवर, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाठीवरची पिशवी घट्ट आवळलेली हवी, लोंबणारा पट्टा गजात अडकतो. दोन माणसांमध्ये चार-पाच पायऱ्या सोडा. आकाशात गडगडाट सुरू असेल तर शिडीला हात लावू नका. उघड्या डोंगरावरचं ते ओलं लोखंड आहे. खालच्या टप्प्यावर, झाड आणि कातळाची भिंत यांच्यापासून दूर, उकिडवं बसून राहायचं आणि ढग पुढे सरकू द्यायचा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वाटेत लिंबू-सरबताच्या झोपड्या असतात, पण त्या आठवड्याच्या मधल्या वारी उघड्या असतीलच असं नाही. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ. नवरात्रात यात्रा भरते, त्या दिवसांत गावोगावचे भाविक चढतात आणि त्यांचा मान आधी. देवळाच्या ओट्यावर बूट घालून बसू नये.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा. रात्री शेकडो लोक चढायला लागतात, शिड्यांखाली रांग लागते आणि भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात तासभर उभं राहावं लागतं. हुडहुडी भरते ती त्या थांबण्याने, चढण्याने नाही. रविवारीच जायचं असेल तर रेनकोटच्या आत लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर ठेवा. सुती टी-शर्ट आणि जीन्स हा सगळ्यात वाईट जोड.

रतनगड, १,२९७ मीटर, हा त्या मानाने शांत. रतनवाडीतून वर जायला तीन-साडेतीन तास. लक्षात ठेवायची खूण एकच: जंगलातल्या फाट्यावर सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघते, रतनगडाची वाट उजवीकडे. सरळ गेलेले गट दुपारी दमून परत येतात. जोराच्या पावसात सुरुवातीलाच ओढा ओलांडावा लागतो. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर दोर-बिर बांधायच्या फंदात न पडता मंदिर बघून परता. वर नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसायचं तर अत्तर आणि धूर दोन्ही टाळा, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

काजवे

हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हे किडे एका लयीत चमकतात. सगळं झाड एकदम पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. वेळ साडेसात ते दहा. अमावास्येच्या आसपासचा आठवडा निवडा. हलका पाऊस झालेला असावा, पण मोठा पाऊस एकदा बसला की हंगाम संपला.

चमकणं हा नर-मादीचा संवाद आहे, म्हणून दुसरा उजेड पडला की तो तुटतो. गाडीचे दिवे झाडावर पडले तर आख्खं झाड काही मिनिटं गप्प होतं. मोबाइलचा फ्लॅश तर कुठल्याच कामाचा नाही, फोटोत काळोखच येतो. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधा आणि ती पायापुरती लावा. झाडाखालच्या गवतात शिरू नका. माद्या गवतात आणि जमिनीलगत असतात, पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटाखाली जातात. विंचू आणि फुरसंही तिथेच.

हंगामातल्या शनिवारी शेंडी-घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पोलिस आणि वनविभाग वाहतूक एकेरी करतात, ठराविक वेळेनंतर आत सोडत नाहीत. मंगळवार-बुधवारी, पांजरे किंवा उडदावण्यात मुक्काम ठेवून चालत जा. झाड कुठलं ते गावातली पोरं सांगतील. दरवर्षी तेच झाड नसतं.

गावात वावरताना

वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. वाट विचारताना दादा, मावशी, बाबा म्हणा आणि मग नाव सांगा. जुलैत सगळं घर आवणीला खाचरात असतं. फोटो काढण्याआधी विचारायचं. बांधावरून चालायचं तर एका मागे एक, मधोमध. बांधाचा काठ तुटला की खाचरातलं पाणी रात्रीत निघून जातं आणि रोपं सुकतात. शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी चिखलाने तो पुन्हा लिंपावा लागतो. दगडी बांधावर गाडी टेकवणं, गवतात बाटल्या टाकणं हेही त्याच पंगतीतलं. फुटक्या काचा आवणीच्या वेळी बायकांच्या अनवाणी पायांत जातात.

जेवायला नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात मागा. पावसाळ्यात करटोली, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या असतील तर मेनूकार्ड विसरून त्याच घ्या. ‘पनीर आहे का’ विचारणाऱ्यांना पनीर मिळतं, शेंडीच्या फ्रीजमधलं. नाचणीची भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या खायची, थंड झाली की वातड होते आणि मग नाचणीलाच नावं ठेवली जातात.

घरी न्यायला तांदूळ. इंद्रायणी सगळीकडे आहे. विचारून बघा काळभात, रायभोग किंवा जिरवेलबद्दल, या अकोल्याच्या जुन्या वाणांना आता पुन्हा भाव आला आहे. देशी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. काळभाताची साळ काळपट असते, आतला तांदूळ पांढरा आणि शिजताना घरभर वास. नवा तांदूळ डिसेंबरपासून मिळतो. तो पाणी कमी ओढतो, नेहमीच्या मापाने पाणी घातलं तर गिचका होतो. घरातून घेतलंत तर भावावरून घासाघीस करू नका, हातसडीचं काम काय असतं ते एकदा उखळापाशी उभं राहून बघा.

काही दुखलं-खुपलं तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. साप चावल्यास पाय बांधणं, चिरणं काही करायचं नाही. माणसाला चालू न देता उचलून गाडीत घालून निघायचं. रेंज नसेल तर आधी गाडी हलवा, फोन वाटेत लागतो.

परतीला रविवारी शेंडी दुपारी दोनच्या आत सोडा. चारनंतर घोटीपासून कसारा घाट उतरेपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. उशीर झालाच तर रांगेत अडकण्यापेक्षा घोटीत जेवून रात्री नऊनंतर निघा. जुलैत तेही नको, घाटात धुकं असतं. सोमवारी पहाटे निघून वाटेत बारीला चहा घ्या. आकाश उघडं असेल तर कळसूबाईच्या शिड्या त्या वेळी खालून स्पष्ट दिसतात.